जाळी आमच्या मापाची

डेंग्यूतून उठून मी हॉस्पिटलमधून घरी आले त्याच दिवशी बाबांचं आणि माझं भांडण झालं. लिफ्टपासून दारापर्यंत चालताना मला दोनदा भिंतीला टेकावं लागलं होतं, इतकी मी गळून गेले होते. तरी घरात शिरल्या शिरल्या पहिली गोष्ट केली ती म्हणजे हॉलची खिडकी लावायला गेले. डॉक्टरांनी बजावून पाठवलं होतं. हा मच्छर दिवसा चावतो, तेव्हा संध्याकाळी पाचला खिडक्या लावून भागणार नाही, दिवसभर बंद ठेवा.

खिडकीशी बाबांची खुर्ची असते. त्यांनी उजवा हात काचेच्या सरकत्या पल्ल्यावर ठेवला आणि मला म्हणाले, "ही लावायची न्हाय."

मी म्हटलं, बाबा, मी मरता मरता वाचले. ते म्हणाले, ठाऊक आहे. हात मात्र तिथून काढला नाही.

आमच्या घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी एका शाळेत हेडक्लार्क आहे, लग्न केलं नाही, आणि धामणकर नाक्याच्या अलीकडचा हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या नावावर आहे. बाबांना माझ्या त्या तापाच्या दोन वर्षं आधी पॅरालिसिसचा झटका आला. पाय सावरले, पण जिना जमत नाही, लिफ्टमधून उतरलं तरी पुढे दहा पायऱ्या आहेतच, आणि डाव्या हातात जोर राहिलेला नाही. त्यांचं सगळं जग त्या खिडकीतून दिसणाऱ्या शेअर रिक्षांच्या स्टँडवर आलं आहे. कोणता ड्रायव्हर आज आला नाही, कुणाची कुणाशी जुंपली, कुणी नवी रिक्षा काढली, हे मला ऑफिसातून आल्यावर सविस्तर कळतं.

मी त्या दिवशी रागाने आत जाऊन पडले. खिडकी उघडीच राहिली. पडल्या पडल्या रडू आलं आणि मग हळूहळू मला आईने सांगितलेली एक गोष्ट आठवली.

बाबा मूळचे खारबावचे. विशीत असताना निजामपुऱ्यातल्या एका पॉवरलूमच्या कारखान्यात कामाला लागले आणि मास्टर होऊन निवृत्त झाले. त्या कारखान्याच्या खिडक्या बाराही महिने लावलेल्या असत. वारा लागला की सूत सुकतं, सुकलं की ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटतात, धागा तुटला की लूम थांबतो. म्हणून खिडकीला खिळे. आत बारा तासांची शिफ्ट, कान फाटेल असा खडखडाट आणि हवेत सुताची बारीक धूळ. बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. लहानपणी मला वाटायचं ते रोज म्हातारे होऊन येतात आणि आंघोळ करून पुन्हा तरुण होतात.

एका मे महिन्यात भर दुपारी एक कामगार लूमशेजारीच कोसळला. त्याला उचलून बाहेर न्यायला वाट नव्हती, मधल्या बोळात ताण्याचं सूत गुंडाळलेले जाडजूड बीम रचलेले. बाबांनी हातोडी घेतली आणि सगळ्यात जवळच्या खिडकीचे खिळे उपटून ती सताड उघडली. मॅनेजर धावत आला. धागे तुटायला लागले होते, चार लूम थांबले होते. त्याने खिडकी लावायला सांगितली. बाबा खिडकीपुढे उभे राहिले आणि तो माणूस उठून बसेपर्यंत बाजूला झाले नाहीत. मग त्यांना दोन महिने घरी बसवलं. त्या दोन महिन्यांत आईने शेजारपाजारचे ब्लाऊज शिवून घर चालवलं. हे मला आईनेच सांगितलं. बाबांना मी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "मानूस उठून बसला ना."

आणि मी त्यांना खिडकी लावायला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप काढली. अंगात ताकद नव्हती, म्हणून दोन मापं घ्यायची आणि पलंगावर बसायचं, असं करत करत घरातल्या पाचही खिडक्या आणि बाल्कनी मोजली. मोजताना कळलं की बिल्डरने एकही भिंत सरळ बांधलेली नाही. हॉलची खिडकी वर मोजली तर एक माप, खाली मोजली तर करंगळीएवढी जास्त. तिथे वरचं माप धरून चौकट केली असती तर खालून बोट जाईल एवढी फट राहिली असती. तेव्हापासून मी प्रत्येक खिडकी वर, मधे आणि खाली अशी तीनदा मोजली आणि वहीच्या एकेका पानावर एकेक खिडकी काढली. बाबा खुर्चीतून बघत होते. दुपारी म्हणाले, "कापड घ्यायला निघालीस जशी."

नाक्यावरच्या पहिल्या दुकानात माझी वही कुणी उघडूनही पाहिली नाही. दुकानदाराने विचारलं, साहेब कधी येतील. मी म्हटलं साहेब नाहीत, मीच आहे. मग तो म्हणाला, आमचा माणूस येऊन माप घेईल, सगळ्या घराला एकच माल टाकू, पांढरी जाळी, वेलक्रोची पट्टी, अर्ध्या दिवसात काम. दुसऱ्या दुकानातही तेच, फक्त तिथे मला बसायला स्टूल दिलं.

तिसरा माणूस मला शाळेतल्या शिपायाने सुचवला. मागच्या गल्लीत त्याचं छोटं दुकान होतं. वय पन्नाशीच्या आसपास. त्याच्या वडिलांचे स्वतःचे आठ लूम होते, ते बंद पडले तेव्हा याने ॲल्युमिनियमच्या चौकटी कापायला घेतल्या. त्याने माझी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग विचारलं, "मॅडम, इस खिडकी पे बैठता कौन है?"

मी सांगितलं, बाबा. मग त्याने विचारलं की ते कोणत्या हाताने खिडकी उघडतात. ते रस्त्याकडे बघतात का, हाक मारतात का. स्वयंपाकघरात रोज तळण असतं का. कपडे कुठे वाळत घालता. गल्लीत उंदीर आहेत का. हे प्रश्न मला आतापर्यंत कुणीच विचारले नव्हते. मी त्याला म्हटलं, नमुने घेऊन घरी या.

तो रविवारी आला. जाळीचे हातरुमालाएवढे सात तुकडे त्याने बाबांच्या मांडीवर ठेवले. बाबांनी मला आतून त्यांचं धागे मोजायचं भिंग आणायला सांगितलं. पितळी, घडीचं, इंचाच्या चौकटीचं ते भिंग कापडावर उभं करायचं आणि आतले धागे मोजायचे. कारखान्यात हेच त्यांचं काम होतं. निवृत्त झाल्यापासून ते कपाटात पडून होतं. बाबांनी एकेक तुकडा घेतला, भिंगाला डोळा लावला आणि ओठ हलवत मोजायला लागले. तो माणूस आधी हसला, मग गुडघ्यावर बसून बघायला लागला.

एका तुकड्यावर बाबा थांबले. त्यांनी विचारलं, हा किती म्हणालास. तो म्हणाला, चाचा, वीस. बाबा म्हणाले, "अठरा हाय. मोज तू."

त्याने मोजले. अठराच होते. त्याने कानाला हात लावला, म्हणाला, मला ज्याने विकलं त्याने वीस सांगितले, मी कधी मोजलेच नाहीत. बाबा त्यानंतर दिवसभर खुशीत होते. मला सगळ्यात दाट जाळी हवी होती, मच्छर काय, बाल्कनीमागच्या लूमची धूळसुद्धा येऊ नये अशी. बाबांनी मान हलवली. त्यांनी मला देवापुढची अगरबत्ती आणायला लावली आणि प्रत्येक तुकड्यामागे ती धरायला सांगितलं. दाट जाळीमागे धूर साचून राहत होता, वर चढत होता. अठराच्या जाळीतून तो सरळ पलीकडे गेला. बाबा म्हणाले, "एवढी दाट घेतलीस तर वारा येनार न्हाय. मग काच लावलेली काय वाईट?"

मला ते पटलं. आम्ही तिघांनी मिळून मग एकेक खिडकी ठरवली. हॉलच्या खिडकीला काचांच्या आतल्या बाजूने तिसरा ट्रॅक टाकून काळ्या जाळीचा सरकता पल्ला, बाबांना एका हाताने ढकलता येईल असा. काळी अशासाठी की पांढऱ्या जाळीवर ऊन चमकतं आणि बाहेरचं धुरकट दिसतं. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यांना ती चमक सोसत नाही. स्वयंपाकघराला स्टीलची, कारण उंदीर साधी जाळी एका रात्रीत कुरतडतो, आणि चौकटीला लोहचुंबकाची पट्टी, म्हणजे तेलकट झाली की काढून साबणाने घासता येईल. दोन्ही बेडरूमना बिजागरीची चौकट. संडासाच्या झरोक्याला वेलक्रो, तिथे तीच बरी. बाल्कनीला मात्र मी हट्टाने घडीची जाळी घेतली, कागदी पंख्यासारखी मिटणारी. तो माणूस नको म्हणत होता. मला ती दिसायला आवडली होती.

चौकटी तयार होत असतानाच सोसायटीची नोटीस लागली. त्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये तापाने आजारी पडलेली मी एकटी नव्हते, तेव्हा कमिटीला काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी ठरवलं की सगळ्या फ्लॅटना एकाच ठेकेदाराकडून एकसारखी पांढरी वेलक्रोची जाळी बसवायची. बिल्डिंग बाहेरून एकसारखी दिसली पाहिजे. दुसरी कोणतीही जाळी लावायला मनाई.

मी अध्यक्षांच्या घरी जाऊन सांगितलं की माझं काम आधीच दिलं आहे. ते म्हणाले, रद्द करा. मी म्हटलं, वडिलांच्या अडचणी आहेत. ते म्हणाले, प्रत्येकाच्याच घरी काहीतरी असतं. सभेत मांडा.

सभा रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये भरली. मी वही घेऊन गेले. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून सांगायला सुरुवात केली की वेलक्रोची जाळी अख्ख्या खिडकीवर चिकटवली तर आजारी माणसाला एका हाताने ती उघडता येत नाही. अध्यक्षांनी मला मधेच थांबवलं. आवाज गोड होता.

"मॅडम, हे जरा टेक्निकल आहे. घरी कुणी पुरुष माणूस असेल तर त्यांना पाठवा, आम्ही बोलून घेऊ."

दोघं-तिघं हसले. मी वही मिटली. मी म्हटलं, "पुरुष माणूस आहे. त्यांना जिना उतरता येत नाही. तुम्ही वर या, तुमच्या ठेकेदाराची जाळी घेऊन या. इंचात किती धागे आहेत ते तुम्हाला मोजून दाखवतील."

आता वेगळे लोक हसले. अध्यक्षांचा चेहरा आक्रसला. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. मी म्हटलं, नियम असेल तर मी पाळीन. तो कुठे लिहिलाय ते दाखवा. माझी जाळी काचेच्या आत बसते. बाहेरून बिल्डिंग जशी आहे तशीच दिसणार. माझ्या खिडकीच्या आत काय असावं हे या पार्किंगमध्ये ठरणार नाही. एवढं बोलून मी बसले. ठराव पास झाला. विरोधात हात एकच होता.

बसवायच्या दिवशी मी रजा घेतली. सकाळी दहाला त्या मागच्या गल्लीतल्या फिटरचा टेम्पो गेटवर आला आणि वॉचमनने अडवला. कमिटीचा हुकूम होता, बाहेरचा फिटर आत सोडायचा नाही. मी खाली गेले. वॉचमन बिचारा माझ्याकडे बघत नव्हता. फिटर म्हणाला, मॅडम, मला या एरियात धंदा करायचाय, मी भांडण नाही करणार, तुमचं मिटलं की फोन करा.

मी वॉचमनला विचारलं, मला आत सोडणार का. तो म्हणाला, तुमचंच घर आहे मॅडम. मग मी टेम्पोतली पहिली चौकट उचलली.

"सामान माझं आहे, मी नेते," मी म्हटलं. "फिटरला पाहुणा म्हणून रजिस्टरमध्ये लिहा. आमच्याकडे चहाला आलाय."

लिफ्टमध्ये हॉलची चौकट आडवी जात नव्हती, उभीही जात नव्हती. मी ती जिन्याने न्यायला घेतली. पहिल्या मजल्यापर्यंत माझा श्वास संपला. तिथे राहणाऱ्या बाई, मराठी शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, दारात उभ्या होत्या. सभेत त्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पायात चपला घातल्या आणि चौकटीचं दुसरं टोक उचललं. आम्ही दोघींनी सहा खेपा केल्या. खाली वॉचमनने रजिस्टरमध्ये खरंच "पाहुणा" असं लिहिलं होतं.

दुपारी दोनला हॉलचा पल्ला बसला. बाबांना आम्ही त्या वेळेपुरतं आत बसवलं होतं. त्यांना खुर्चीत आणून बसवलं तर ते बराच वेळ बाहेर बघत राहिले आणि मग मला विचारलं, "जाळी हाय का न्हाय?" बोट पुढे करून त्यांनी ती चाचपली तेव्हा त्यांची खात्री पटली. उजव्या हाताने पल्ला ढकलून पाहिला, सरकला. परत ओढला. मग तो पूर्ण उघडून खालच्या एका रिक्षावाल्याला त्यांनी हाक मारली आणि सांगितलं की घरी या, बघायला. फिटर माझ्याकडे बघून हसत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, कारण तसं रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, आणि मला डोळेही पुसायचे होते.

नंतर कमिटीचं पत्र आलं. ठरावाचा भंग केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करा. शाळेच्या कार्यालयात माझं आयुष्य पत्रं लिहिण्यात गेलंय. मी त्याच दिवशी उत्तर दिलं, की खिडकीच्या आतल्या बाजूच्या बदलांना मनाई करणारा नियम कृपया क्रमांकासह कळवावा, आणि पोच घेतली. उत्तर आलं नाही. आठवण करून देणारी दोन पत्रं मीच पाठवली. लिफ्टमध्ये काही लोक माझ्याशी बोलेनासे झाले. एका बाईंनी ऐकू जाईल असं म्हटलं की एकट्या राहिलेल्या बायका हट्टी होतात. मी वळून म्हटलं, "हो, झाले आहे."

सगळंच माझं बरोबर होतं असं नाही. बाल्कनीची घडीची जाळी दोन महिन्यांत बाद झाली. बाल्कनीमागे लूमची गल्ली आहे, तिथली सुताची धूळ प्रत्येक घडीत जाऊन बसली आणि ओल लागून तिचा लगदा झाला. जाळी मिटेना, उघडेना. फिटरने येऊन ती काढली आणि "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाही, हे त्याचे उपकार. आता तिथे साधी बिजागरीची चौकट आहे. बेडरूममधल्या एका चौकटीत कबुतराने धडक मारून खळगा पाडलाय, तो तसाच ठेवलाय. आणि मच्छर पूर्ण थांबले असंही नाही. दार उघडलं की एखादा आमच्याबरोबर आत येतोच. बाबा त्याला टाळी वाजवून मारतात, डावा हात मांडीवर उताणा ठेवून त्यावर उजवा. डॉक्टर म्हणाले, चांगला व्यायाम आहे.

शिक्षिकाबाईंनी स्वयंपाकघराला स्टीलची जाळी करून घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरानेही काहीतरी केलंय म्हणे, मी विचारत नाही. मापं घ्यायला मला बोलावलं तर जाते. वर, मधे, खाली, तीनदा मोजायला लावते.

पण कमिटीने तो विषय सोडलेला नाही. दर वर्षीच्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरी अहवाल वाचतात, आणि त्यात एक वाक्य असतं की एका सदनिकेने जाळीसंबंधीच्या ठरावाचे उल्लंघन केले असून प्रकरण प्रलंबित आहे. सदनिकेचा नंबर ते वाचत नाहीत, बहुधा सभ्यपणा म्हणून. ते वाक्य झालं की मी खुर्चीतून उठते.

"ती सदनिका माझी आहे," मी सांगते. "नंबर लिहून घ्या."

मग खाली बसते. सेक्रेटरी पुढचा विषय घेतात.